बाटलीतल्या कापसाची वात

आमच्या ह्यांना तोंड आहे ते फक्त जेवण्यापुरतं. पुण्यात नवीन आलो तेव्हा घरमालक वाट्टेल ते बोलायचा आणि हे जमिनीकडे बघायचे. कंपनीने बोलावून व्हीआरएसच्या कागदावर सही घेतली तेव्हाही साहेबाला एक शब्द विचारला नाही. ते सगळं मी चालवून घेतलं, कारण आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, माझ्या पोटच्या पोरासमोर, मी खोटारडी ठरले आणि हे शेजारच्या खुर्चीत बसून हातातली टोपी फिरवत राहिले.

"अहो, सांगा की काहीतरी. घरात तुम्हीच असता ना दिवसभर?" मी म्हटलं.

ह्यांनी टोपी उलटी केली आणि आत पाहिलं. उत्तर आत ठेवलेलं असावं तसं.

झालं होतं ते असं.

आम्ही मूळचे वाशीमकडचे. ह्यांना भोसरीला फिटरची नोकरी लागली म्हणून पुण्यात आलो, आणि ती नोकरी गेल्यावर मी सदाशिव पेठेत खानावळ काढली. आमच्याकडची पोरं इथे परीक्षांच्या अभ्यासाला येतात, त्यांना पाटवडीचा रस्सा आणि तिखट वरण लागतं. इथली माणसं दारावर पाट्या लावतात, अमुक करू नये, तमुक करू नये. मला पाटी लावावी लागली नाही. पोरं म्हणायची, काकू आहेत ना, पाटी कशाला. मला त्याचा अभिमान होता. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्यापुढे कुणी ताटात टाकून उठलं नाही.

मग गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, पूर्ण ग्रंथी काढली, पुढचं किरणांचं औषधही झालं. आजाराचं खरं नाव मी पेठेत कुणाला सांगितलं नाही, थायरॉइड म्हणत राहिले. ते लोकांना चालतं, अर्ध्या बायकांना असतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, जन्मभर. ग्रंथी जे काम करायची ते आता गोळी करते.

वर्ष झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता तपासणी करायची, आणि त्यासाठी गोळी बंद ठेवायची. महिन्याच्या वर.

"का?" मी विचारलं. मी विचारल्याशिवाय राहत नाही.

त्यांनी नीट समजावलं. आत कुठे मुळाचा एखादा तंतू राहिला असेल, तर तो गोळीच्या आधाराने झोपून राहतो. गोळी बंद केली की शरीर त्याला हाका मारायला लागतं. हाका जोरात झाल्या की तो जागा होतो आणि रक्तात आपली खूण सोडतो. ती खूण मोजायची. तिचं नाव इतकं लांब आहे की मी ते घरी येईपर्यंत विसरले.

"त्रास होईल," त्या म्हणाल्या. "सुस्ती येईल, तोंड सुजेल, थंडी वाजेल, बोलणं जड होईल. घरच्यांना सांगून ठेवा, काकू."

मी घरच्यांना सांगितलं नाही. अभिनव, माझा मुलगा, हिंजवडीला कंप्युटरच्या कंपनीत, सकाळी बस पकडायची आणि रात्री परत. त्याला एवढंच कळवलं की तारखेला रक्त द्यायचं आहे. आणि ह्यांना मी खोलीच्या बाहेर बाकावर बसवून गेले होते, चपला सांभाळायला. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "गोळी का बंद केली?" मी म्हटलं, "तुम्हाला कळायचं नाही. मेथी निवडा."

त्यांनी मेथी निवडली.

पहिले दिवस बरे गेले. मग एकेक होत गेलं. मे महिन्यात मला स्वेटर लागायला लागला. पावलं पिठात रुतल्यासारखी उचलायची. आरशात पाहिलं तर दुसरीच कुणी बाई, डोळ्यांखाली पिशव्या, ओठ जाड. पोळी तव्यावर जळाली आणि मी ती बघत उभी राहिले, हात पुढे जाईना. एका पोराने, "काकू, पोळी," म्हटलं आणि मला रडू आलं. पोरांसमोर. मी पदर तोंडाला लावून मोरीत गेले आणि नळ सोडून बसले. आयुष्यात मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती. एकाने भाताचं ताट अर्धं टाकलं, मला दिसलं, आणि बोलायला जीभ उचलली नाही. पोरं एकमेकांकडे बघत होती. शिव्या बसल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

आणि मग तिसऱ्या आठवड्यानंतर मी सुधारायला लागले. सूज उतरली. हात चालायला लागले. मला वाटलं, जिंकलं आपण. डॉक्टरांनी एवढी भीती घातली, पण आपण कोण आहोत! खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई विचारायला आल्या, त्यांच्या नणंदेला हेच करायला लावणार होते. मी त्यांना ओट्यापाशी उभं करून भाषण दिलं. "मनावर असतं हो सगळं. शरीराला लाड शिकवले की ते लाडावतं. मी बघा, तीस ताटं वाढते."

त्यांनी मला वाकून नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला.

रक्त दिलं. अभिनवने रिपोर्ट आणला, दारातूनच ओरडला, "आई, निल! पॉइंट वनपेक्षा कमी!" खाली आणखी एक आकडा होता, तो काही त्याला कळला नाही आणि मला कळायचा प्रश्नच नव्हता. मी पेढे आणवले. पोरांना ताटात वाढले, मंदाकिनीबाईंकडे दिले, मंडईत ज्या भाजीवालीकडून आम्ही भाजी घेतो तिलाही पाठवले. ह्यांनी पेढा हातात धरून ठेवला होता, खाल्ला नाही. मी म्हटलं, "खा हो, विष नाही." तेव्हा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे. या वेळी मी ह्यांना आत नेलं, कारण मला दाखवायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी वरचा आकडा पाहिला, खालचा पाहिला, आणि चष्मा काढला.

"काकू, गोळी घेत होतात का?"

"नाही."

"मधून एखादी?"

"नाही म्हटलं ना."

"हे बघा, हा टीएसएच. मी हाका म्हटलं होतं ना, त्या हाका. हा तीसच्या वर जायला हवा. तुमचा अकरा आहे. गोळी पूर्ण बंद असताना असं होत नाही. हाकाच मारल्या गेल्या नाहीत, तर आतलं कुणी उठणार कसं? म्हणून वरच्या निलला अर्थ नाही. आत काही नाही असंही असेल, किंवा आहे आणि झोपलंय असंही असेल. या रक्तावरून मला सांगता येणार नाही."

"मग लॅबची चूक असेल," मी म्हटलं.

"असू शकते. पण तुम्ही माझ्यापुढे बसला आहात, मला दिसतंय. गोळी बंद असलेलं माणूस असं तरतरीत नसतं."

अभिनव माझ्याकडे वळला. हळूच म्हणाला, पण खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढं हळू. "आई, त्रास होत होता म्हणून घेतली असशील तर सांग. कुणी रागावणार नाही."

"मी घेतली नाही."

"रक्त खोटं कसं बोलेल, आई?"

"मग मी बोलते?"

तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, सांगा की काहीतरी. आणि ह्यांनी टोपीत पाहिलं.

अभिनव तरीही चांगला. त्याने लगेच दुसऱ्या लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं. तिथे वरचा आकडा जरा वेगळा आला, शून्याच्या जवळचाच पण तोच नाही. अभिनवने फोन केला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दुकानाचा तराजू आणि त्या दुकानाचा तराजू, दोन्हीची वजनं एकमेकांशी जुळवत बसू नका, एकच लॅब धरा. आणि खालचा आकडा दोन्हीकडे कमीच होता. म्हणजे लॅब सुटली. उरले मी.

आणखी तीन आठवडे गोळी बंद, मग पुन्हा रक्त, असं ठरलं. घरी आल्यावर मी पिशवी ठेवली आणि पहिलं आठवलं ते मंदाकिनीबाईंना दिलेलं भाषण. दुसरे आठवले पेढे. दिलेले पेढे परत मागता येत नाहीत. जिन्यात त्या भेटल्या की मी पायऱ्यांकडे बघायला लागले. ह्यांच्यासारखी.

आणि मी पुन्हा बुडायला लागले. या वेळी झपाट्याने. आठवड्यात तोंड सुजलं, आवाज फाटला, वरणात मीठ घातलं की नाही ते चाखूनही कळेना. मग मला प्रश्न पडला. विचारही तेव्हा चिखलातून यायचे, पण आला. मनावर असतं म्हणत होते ना मी? मग आता मन कुठे गेलं? मधले ते तीन आठवडे मी बरी कशी झाले होते?

आणखी एक होतं. सकाळची पूजा हे करतात. पूजा झाली की मला हाक मारून पळीतून तीर्थ देतात. मी ओट्याशी असते, उजवा हात मागे करते, तीर्थ पडतं, तोंडात टाकते, वळून बघतसुद्धा नाही. इतकी वर्षं असंच. आता मात्र हे माझ्यासमोर ताम्हनातलं पाणी पळीत भरायचे, मला दिसेल असं. मी म्हटलं, "काय मोजून देताय का?" बोलायला अर्धा दिवस लागला असेल. ह्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, माझ्या तोंडाकडे बघून.

गुरुवारी समई तडतडायला लागली. काळा धूर निघत होता आणि वास येत होता. वाती मी वळते, तुळशीबागेतला कापूस आणून, आणि माझी वात कधी तडतडत नाही. चिमट्याने वात बाहेर काढली. माझी नव्हती. जाड, सैल, कुणा पुरुषाने मांडीवर वळलेली. शेजारच्या डबीत तशाच आणखी दोन होत्या. हा आपला कापूस नव्हे. हा लांब, गुळगुळीत, पांढराशुभ्र.

असा कापूस घरात एकाच ठिकाणी होता.

लोणच्याच्या फडताळात मागे मी गोळ्यांची बाटली ठेवली होती, बंद करताना तोंडाशी कापूस परत नीट खोचून. बाटली काढली. कापूस नव्हता. जवळजवळ भरलेली ठेवली होती, आता हलवली तर गोळ्या खुळखुळल्या. मग देव्हाऱ्यातली सहाण उचलली. गंध पिवळं असतं. सहाणेच्या कडेला, खाचेत, पांढरं बसलं होतं.

मी देवासमोर खाली बसले. चक्कर म्हणा, लाज म्हणा. देवाच्या पळीतून गोळी. आणि मी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

हे गॅलरीत वांगी निवडत होते. मी दाराला धरून उभी राहिले आणि वात त्यांच्यापुढे टाकली.

"देवाला औषधाचा कापूस कधीपासून चालायला लागला?"

ह्यांनी वातीकडे पाहिलं. "टाकवला नाही," म्हणाले. "चांगला कापूस होता."

आम्ही असेच. चोरी करू, पण कापूस वाया घालवणार नाही.

"का?" मी म्हटलं. मोठा प्रश्न विचारायचं बळ नव्हतं.

ते वांग्याचं देठ खरवडायला लागले.

"तू बोलत नव्हतीस."

"काय?"

"बोलत नव्हतीस. मी मंडईतून भाजी आणली की तू जुडी उलटी करून बघतेस. म्हणतेस, डोळे विकून आणली का. इतकी वर्षं म्हणतेस. त्या दिवशी मी मुद्दाम कुजका पालक आणला. आतून काळा. भाजीवाली नको म्हणत होती, मी म्हटलं, हाच दे. तू जुडी सोडलीस, धुतलीस, चिरलीस. काही बोलली नाहीस."

मला तो पालक आठवला. पातेल्यात टाकला होता मी तो.

"दुसऱ्या दिवशी पुन्हा तसलाच आणला. पुन्हा काही नाही. तेव्हा मला कळलं की ही चालली. गोळी बंद केल्यापासून चालली. आणि तुला विचारलं होतं मी, का बंद केली. तू म्हणालीस, कळायचं नाही. मला वाटलं, तू चिडून बंद केलीस. आजाराला कंटाळून. तू कुणाचं ऐकतेस का? हातात गोळी दिली असती तर फेकली असतीस. तीर्थ फेकत नाहीस."

मी दारातच खाली बसले.

"आणि डॉक्टरांकडे? तिथे तर कळलं ना?"

"कळलं."

"मग?"

"तेव्हा लाज वाटली," हे म्हणाले, आणि वांगं खाली ठेवलं.

आता सांगते, राग आला नाही. राग यायलाही गोळी लागते बहुतेक. मला दिसत होतं ते एवढंच, की हा माणूस माझ्याजवळ बसून कुजक्या पालकाने माझी तपासणी करत होता, माझं तोंड हाच त्याचा रिपोर्ट, आणि मी त्याला एका वाक्यात सगळं सांगू शकले असते ते सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी म्हटलं होतं, घरच्यांना सांगून ठेवा. मी ह्यांना चपलांपाशी बसवलं होतं. माझ्या जिभेचा मला एवढा गर्व, आणि घरातला माणूस मला सरळ गोळी द्यायला घाबरला. देवाला मध्ये घातलं.

अभिनवला मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? तो अजून मधूनच विचारायचा, "आई, या वेळी नक्की ना?" आणि मी मान हलवायचे. खोटारडी तर खोटारडी. बापाला पोरासमोर उघडं करण्यापेक्षा ते बरं वाटलं. तसं बरंही वाटलं नाही, पण त्याहून बरं काही सुचेना.

ते उरलेले दिवस ह्यांनीच काढले. पोळ्यांना बाई लावली, वाढायला स्वतः उभे राहिले. मी खाटेवर स्वेटर घालून पडलेली. हे शेजारी बसून मला मंडईचा भाव सांगायचे. मी उत्तर द्यायचे नाही, तरी सांगायचे. इतकं बोलतात हे मला माहीतच नव्हतं.

रक्त दिलं. त्याच पहिल्या लॅबमध्ये. रिपोर्ट आला तेव्हा अभिनव दारातून ओरडला नाही, पाकीट न उघडता पिशवीत ठेवलं आणि आम्ही तिघं गेलो. बाकावर चपला काढल्या. हे तिथेच बसायला लागले, सवयीने. मी त्यांच्या बाहीला धरून आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी खालचा आकडा पाहिला. "आता बरोबर. पन्नासच्या वर आहे." मग वरचा.

"काकू, निल नाही. थोडं आहे. सहा. म्हणजे काहीतरी उरलंय आणि आता उठलंय. घाबरायचं कारण नाही, या टप्प्यावर सापडलं की उपाय आहे. कुठे आहे ते शोधू, मग किरणांचं औषध पुन्हा द्यायचं का ते ठरवू. मागच्या निलवर आपण विसंबलो असतो तर वर्षभर ते वाढत राहिलं असतं." मग त्या हसल्या, मनापासून. "या वेळी प्रामाणिकपणे गोळी बंद ठेवलीत म्हणून कळलं. शाब्बास."

शाब्बास. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला. चोरी सोडलेल्या पोराला म्हणावं तसं. अभिनवनेही माझ्या खांद्यावर हात ठेवला, मोठ्या मनाने माफ केल्यासारखा. माझं सुजलेलं तोंड आणखी तापलं. मी खाली पाहिलं. जाऊ दे म्हटलं, हेही गिळू.

शेजारची खुर्ची सरकली. हे उभे राहिले होते. टोपी डोक्यावर घालून.

"डॉक्टर," हे म्हणाले. आवाज चिरकला, पुन्हा म्हणाले, "डॉक्टर. मागच्या वेळीही तिने बंदच ठेवली होती. ती खोटं बोलली नाही. मी देत होतो. उगाळून, तीर्थातून. तिला माहीत नव्हतं."

अभिनव खुर्चीतून अर्धा उठला.

"बाबा?" अभिनव म्हणाला.

"तू तिला म्हणालास रक्त खोटं बोलत नाही," हे त्याच्याकडे न बघता म्हणाले. "ते खोटं मी घातलं होतं त्यात. ती तेव्हा माझ्याकडे बघत होती आणि मी गप्प बसलो. आज तुम्ही तिला शाब्बास म्हणालात, ते मला बघवलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. आणि काकांना आत बोलावून समजावलं नाही."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. हे उभेच होते, एका हाताने टेबल धरून. इतकी वर्षं ज्यासाठी मी ह्यांना टोचत आले, ते ह्यांनी केलं होतं, आणि मला माझ्या जाड जिभेची लाज वाटत होती, कारण शब्द यायला वेळ लागत होता. पण आले. एकेक करून, घोगऱ्या आवाजात, डॉक्टरीणबाईंच्या आणि पोराच्या समोर मी ह्यांना सांगितलं:

"बसा खाली, पडाल. भित्रे आहात तुम्ही, पण लबाड नाही. आजपासून डॉक्टरांकडे माझ्याबरोबर आत यायचं, चपला कुणी नेल्या तर नेल्या. तीर्थ मी माझ्या हाताने घेईन. आणि कालची वांगी किडकी होती, मला दिसली होती, बोलायला जमलं नाही एवढंच. ती मुद्दाम आणली होतीत की खरंच तुम्हाला भाजी कळत नाही, तेही आता या चार माणसांत सांगून टाका."